उतरंड आणि मांडव: जुनी बिल्डिंग पाडायची की वाचवायची, हे ठरतं कसं

मे महिना आला की ठाण्यात पेपरमध्ये पालिकेची धोकादायक इमारतींची यादी येते, आणि यादी आली की आमच्या ऑफिसचा फोन वाजायला लागतो. मी नौपाड्यातल्या एका छोट्या आर्किटेक्ट ऑफिसमध्ये काम करते. अर्धं काम नवीन असतं, म्हणजे घरं, दवाखाने, एखाद्या शाळेची लायब्ररी, आणि अर्धं काम जुन्या बिल्डिंगा नीट करायचं. चरई, खारकर आळी, टेंभी नाका, जांभळी नाका या पट्ट्यात अजूनही कौलारू घरं, दुमजली वाडे, जुन्या चाळी आहेत आणि त्यांना लागून सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या चार मजली सोसायट्या. फोनवरचा प्रश्न मात्र सगळ्यांचा एकच, "मॅडम, आमची बिल्डिंग पाडावी लागेल का हो?"

या प्रश्नाचं उत्तर फोनवर देता येत नाही, पण ते कसं शोधायचं हे सांगता येतं, आणि ते सामान्य माणसाला समजण्यासारखं आहे. उगाच इंजिनिअरिंगचा बाऊ करून ठेवलाय, त्यामुळे लोक एक तर घाबरून सही करून टाकतात नाहीतर दहा वर्षं काहीच करत नाहीत. दोन्हीने नुकसानच होतं, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी माणसं ओळखून घ्या

जुन्या घराच्या कामात तीन वेगळी माणसं असतात आणि लोक हमखास त्यांची गल्लत करतात. आर्किटेक्ट जागा कशी वापरायची, काय ठेवायचं, काय बदलायचं, कुठून उजेड आणि हवा येणार, कुठलं साहित्य वापरायचं हे ठरवतो, आणि १९७२ च्या कायद्याप्रमाणे आर्किटेक्ट हे नाव लावायला नोंदणी लागते. स्ट्रक्चरल इंजिनिअर ती बिल्डिंग उभी राहील की नाही याचा हिशोब करतो. कॉन्ट्रॅक्टर प्रत्यक्ष काम करतो. आता होतं काय, की गळायला लागलं की लोक थेट कॉन्ट्रॅक्टरला बोलावतात, तो बघतो आणि त्याला जे येतं ते सांगतो, म्हणजे बहुतेक वेळा सिमेंट आणि वॉटरप्रूफिंग. आजार काय आहे हे कुणी बघितलंच नाही आणि औषध मात्र सुरू. ताप आला म्हणून थेट मेडिकलवाल्याला विचारून गोळ्या घ्यायच्या, तसंच हे.

उतरंड आणि मांडव

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही, बाकी काही नाही वाचलं तरी एवढं वाचा.

बिल्डिंगा मुळात दोन जातींच्या असतात. पहिली जात म्हणजे उतरंड. आजीच्या माजघरात मडक्यावर मडकं रचलेलं असायचं ना, खालच्या मडक्यावर वरच्या सगळ्यांचं वजन. जुनी वीट-दगडाची घरं अशी असतात, छपराचं आणि वरच्या मजल्याचं वजन भिंतींवर येतं, भिंतीतून जोत्यात, जोत्यातून जमिनीत. याला लोड-बेअरिंग म्हणतात, भिंतच भार वाहते. म्हणून त्या भिंती दीड-दीड फूट जाड असतात. आपल्याकडच्या वाड्यांमध्ये सोबतीला सागवानी खांब आणि तुळया असतात, तुळयांवर कडीपाट म्हणजे लाकडी कड्या आणि फळ्यांचा मजला, पण त्या तुळयांची टोकंसुद्धा शेवटी भिंतीतच बसवलेली असतात.

दुसरी जात म्हणजे मांडव. लग्नाच्या मांडवात बांबूचा सांगाडा सगळं धरून असतो, कनाती फक्त आडोशाला, एक कनात काढून दुसरी लावली तर काही पडत नाही. आरसीसी बिल्डिंग अशी असते, म्हणजे काँक्रीट आणि आत लोखंडी सळ्या, त्याचे कॉलम, बीम आणि स्लॅब यांचा सांगाडा, आणि मधल्या भिंती नुसत्या कनाती. आपण ज्या सोसायट्यांमध्ये राहतो त्या जवळपास सगळ्या मांडव आहेत.

आता बघा याचा परिणाम. फ्लॅटमध्ये राहून आलेला मुलगा वडिलोपार्जित घरात हॉल मोठा करायचा म्हणून मधली भिंत पाडायला सांगतो, कारण फ्लॅटमध्ये मित्राने पाडली होती आणि काही झालं नाही. पण इथे ती भिंत उतरंडीतलं खालचं मडकं आहे. उलट बाजूने, आरसीसी बिल्डिंगमध्ये भिंतीला तडा गेला की लोक धास्तावतात, आणि कॉलमच्या कोपऱ्यात खालून वर उभी सरळ जाणारी बारीक चीर कुणी बघतच नाही, खरी काळजी तिची असते कारण ती बहुतेक वेळा आतली सळी गंजल्याची खूण असते.

म्हणून कुणीही "बिल्डिंग धोकादायक आहे" म्हणालं की पहिला प्रश्न हा विचारायचा, उतरंड की मांडव? दोघांचे आजार वेगळे, तपासण्या वेगळ्या आणि औषधंसुद्धा वेगळी. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की काय होतं ते आता सांगते.

"सिमेंट एवढं मजबूत, मग भिंत का सडते?"

काही वर्षांपूर्वी चरईतल्या एका घरी गेलो होतो. तळमजला आणि वर एक मजला, विटांच्या जाड भिंती, चुन्याचं बांधकाम, वर मंगलोरी कौलं. घरातल्या काकू एकट्या तिथे राहतात, दोन दीर बाहेर. मागच्या भिंतीला ओल. काकू म्हणाल्या, "अगं, तीनदा सिमेंट प्लास्टर केलंय, वरून तो वॉटरप्रूफचा रंगही मारलाय, तरी दर वर्षी ओल वर वर चढतेच आहे."

मी म्हटलं, "काकू, सिमेंट मारलंय म्हणूनच चढतेय."

त्यांना वाटलं मी काहीतरीच बोलतेय. म्हणून हातोडीने भिंतीवर हळूहळू ठोकत गेले, वरच्या भागात टणटण आवाज येत होता आणि कमरेपासून खाली बद्द, म्हणजे प्लास्टर भिंतीपासून सुटलेलं. एक फूटभर तुकडा काढला तर तो भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा अख्खा हातात आला, आणि मागची वीट इतकी ओली की बोटाने खरवडली तर तिचा भुगा नखात आला. विटेवर मिठासारखी पांढरी पावडर, लोणा.

कारण सांगते. चुना हा दगडच असतो, चुनखडी भट्टीत साधारण ९०० अंशांवर भाजायची, मग ती पाण्यात विरवायची, वाळूबरोबर चुन्याच्या घाण्यात मळायची आणि भिंतीला लावायची. नंतर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषून घेतो आणि परत दगड होतो. जुने कारागीर त्यात गूळ, हिरड्याचं पाणी, विटेची भुकटी म्हणजे सुरखी घालायचे, कुठे बेलफळाचा गर. पण मुद्दा असा की चुना घट्ट होऊनही त्यात बारीक छिद्रं राहतात. भिंतीत पावसाळ्यात पाणी शिरतं, जमिनीतूनही थोडं वर चढतं, आणि ऊन पडलं की त्या छिद्रांतून वाफ होऊन निघून जातं. भिंत श्वास घेते असं आम्ही म्हणतो ते हेच. जुन्या माणसांनी पाणी आत येणारच हे धरून बांधलं होतं, ते बाहेर जायला वाट ठेवली होती. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आपल्याकडे, त्याला पूर्ण अडवणं कठीणच.

आता अशा भिंतीवर सिमेंट लावलं की काय झालं? मे महिन्याच्या उन्हात सुती कपड्यांवर रेनकोट घालून दादर-ठाणे उभ्याने प्रवास करा, बाहेरचा पाऊस अडेल पण आतला घाम कुठे जाणार? पाणी बारीक चिरांतून, खालून, कौलाच्या कडेने आत जातच राहतं आणि बाहेर पडायची वाट बंद. मग ते वर चढतं, म्हणून काकूंची ओल दर वर्षी उंच जात होती. शिवाय सिमेंट विटेपेक्षा कडक असतं, ते उन्हात-पावसात वेगळ्या प्रमाणात फुगतं आकसतं आणि हार मऊ विटेची होते.

आणि सगळ्यात वाईट ते पुढे दिसलं. तुळईचं टोक ज्या खोबणीत बसतं तिथे स्क्रू-ड्रायव्हर लावला, तो लोण्यात सुरी जावी तसा चार इंच आत गेला. टोक कुजलेलं. बाहेर खोलीत दिसणारी तुळई मात्र टणक, शंभर वर्षांचं सागवान, त्याला काही झालं नव्हतं. वरचा मजला पडला असता तर घर जुनं होतं म्हणून पडलं असंच सगळे म्हणाले असते. प्रत्यक्षात ते गेल्या काही वर्षांतल्या दुरुस्तीने मरत होतं.

उपाय काय केला तर सिमेंट सगळं उतरवलं, भिंत एक उन्हाळाभर उघडी सुकू दिली, तुळईला खालून टेकू देऊन कुजलेलं टोक कापलं आणि तिथे नवीन सागवान जोडलं, जुन्या लाकडात खाच पाडून आणि बोल्ट घालून, आणि वर परत चुन्याचं प्लास्टर. हे लिहायला दोन ओळी लागल्या, करायला सात महिने. चुन्याचं काम घाईत होत नाही, पातळ थर, मध्ये दिवस, रोज पाणी शिंपडायचं. आमच्या ऑफिसने पूर्वी एका घरी मेअखेरीला शेवटचा थर दिला होता, जूनमध्ये भिंत पूर्ण भिजली, भिजलेल्या भिंतीत हवा शिरत नाही त्यामुळे चुना धरलाच नाही आणि गळून पडला, मालकांचे पैसे गेले आणि चूक आमची होती. तेव्हापासून चुना दिवाळीनंतरच.

मांडवाचा आजार वेगळा

आरसीसीत सळी काँक्रीटच्या आत सुरक्षित असते कारण काँक्रीट आम्लाच्या उलट असतं, शाळेत शिकलोय ते अल्कली, आणि अल्कलीत लोखंड गंजत नाही. पण हवेतला तोच कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्येही दर वर्षी थोडा थोडा आत शिरतो आणि ही अल्कली कमी करत जातो. जो वायू चुन्याला दगड करतो तोच इथे सळीचं कवच काढून घेतो, मला हे अजूनही दर वेळी आश्चर्याचं वाटतं. एकदा का तो सळीपर्यंत पोचला आणि वर बाथरूमची गळती असेल की सळी गंजते, गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो, म्हणजे सळी आतून फुगते आणि काँक्रीटचे पोपडे पाडते. छताचा तुकडा अंगावर पडला म्हणून बातम्या येतात त्या याच्याच.

याची एक तपासणी तुम्ही स्वतः उभं राहून बघू शकता. कॉलमचा ताजा फोडलेला तुकडा घेऊन त्यावर फिनॉल्फ्थॅलिन शिंपडतात, दहावीच्या प्रयोगशाळेतलं तेच. जिथे काँक्रीट निरोगी तिथे ते झटकन गुलाबी होतं, जिथे अल्कली गेलीय तिथे रंग येत नाही. बाहेरच्या कडेला बिनरंगी पट्टा आणि आत गुलाबी, आणि तो पट्टा सळीच्या अलीकडे थांबलाय की पलीकडे गेलाय यावर बरंच काही ठरतं. याशिवाय हातोडीसारखं यंत्र आपटून कडकपणा बघतात, काँक्रीटमधून आवाजाची लहर सोडून तिचा वेग मोजतात, गरज पडली तर गोल तुकडा कापून तो दाबून बघतात. या सगळ्याचा मिळून जो रिपोर्ट तो स्ट्रक्चरल ऑडिट. महापालिका कायद्यातल्या कलम २६५-अ प्रमाणे ३० वर्षांवरच्या इमारतींना ते करून घेऊन पालिकेला सर्टिफिकेट द्यावं लागतं.

आता माझी कळकळीची गोष्ट. जुन्या वाड्याला जर कुणी काँक्रीटच्याच तपासण्या करून नापास ठरवत असेल तर तो रिपोर्ट उपयोगाचा नाही. विटेच्या भिंतीत सळी नाही, काँक्रीट नाही, तिथे बघायचं असतं भिंत ओळंब्यात आहे का, जोतं खचलंय का, तुळयांची टोकं, वाळवी, छपराच्या लाकडी कैचीचे सांधे, आणि कुठे पिंपळ रुजलाय का. पिंपळ वरून छाटून काही होत नाही बरं का, मूळ भिंतीच्या पोटात असतं आणि दर वर्षी जाड होत जातं, ते मुळापासूनच काढावं लागतं. आणि तडा असेल तर तो जिवंत आहे की मेलेला हे बघायचं. त्याला सोपी युक्ती आहे, तड्यावर आडवी एक पातळ काचेची पट्टी दोन्ही बाजूंना प्लास्टरने चिकटवायची आणि तारीख लिहून ठेवायची. भिंत हलत असेल तर काच तडकते, नाहीतर तशीच राहते. पन्नास वर्षांपूर्वी हलून थांबलेल्या तड्याला घाबरायचं कारण नसतं.

यादीतल्या सी-१, सी-२ चा अर्थ

सी-१ म्हणजे अतिधोकादायक, ताबडतोब रिकामी करून पाडायची. सी-२-ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती करायची. सी-२-बी म्हणजे लोक राहत असताना दुरुस्ती चालेल. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. यादीत नाव आलं म्हणजे पाडायचीच हा गैरसमज आहे, चारपैकी एकाच प्रकारात पाडायची सांगितलेली असते. पण सी-१ खरंच असेल तर भावनेत अडकू नका, सामान घ्या आणि बाहेर पडा, फक्त बाहेर पडायच्या आधी तुमच्या ताब्यातलं क्षेत्रफळ मोजून त्याचा लेखी कागद घ्या, भाडेकरू असाल तर नक्कीच. घर गेल्यावर खोली दहा बाय बाराची होती हे सिद्ध करायला तोच कागद कामाला येतो.

"पण शेवटी वय झालं की पाडायलाच हवी ना?"

वयावर हे ठरत नाही. ४ ऑगस्ट २०१५ च्या पहाटे नौपाड्यात बी केबिनजवळ कृष्णा निवास कोसळली, बारा माणसं गेली. ती साधारण पन्नास वर्षांची होती. त्याच्या दोन वर्षं आधी, ४ एप्रिल २०१३ ला शीळ-डायघरजवळ लकी कंपाउंडमधली इमारत पडली, चौऱ्याहत्तर माणसं गेली, आणि ती तर अजून बांधून पूर्णही झालेली नव्हती. दुसरीकडे टेंभी नाक्याजवळचं सिनेगॉग १८७९ चं आहे, तिथे आजही प्रार्थना होते. पोर्तुगीज काळापासूनचं सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च आहे. सेंट्रल जेलच्या भिंती तर पोर्तुगीजांनी १७३० मध्ये सुरू केलेल्या किल्ल्याच्या.

याचा अर्थ जुनं ते सोनं असा मी बिलकुल काढत नाही. वाईट बांधलेली जुनी घरंही खूप होती, ती केव्हाच पडून गेली, म्हणून आपल्याला दिसत नाहीत. इतकंच म्हणणं आहे की बिल्डिंग कशाची बांधलीय, पाणी कुठून शिरतंय आणि मधल्या काळात तिला कुणी काय केलंय, या तीन गोष्टींवर तिचं आयुष्य ठरतं, पायरीवर कोरलेल्या सालावर नाही.

आणि आरसीसी म्हणजे दुरुस्ती अशक्य असंही नाही. गडकरी रंगायतन १९७८ चं, ते मध्यंतरी दुरुस्तीसाठी बरेच महिने बंद होतं तेव्हा लोक चिडले, मीही चिडले होते कारण नाटकं मिळत नव्हती, पण तलावपाळीवरचं ते रंगायतन पाडण्याऐवजी नीट करणं हाच शहाणपणा होता. भायखळा स्टेशन घ्या, रोज हजारो लोक ज्याच्यातून जातात. एकोणिसाव्या शतकातली ती दगडी इमारत, गाड्या एक दिवस न थांबवता तिचा जीर्णोद्धार झाला आणि २०२२ मध्ये तिला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला.

"दुरुस्तीला खिशातून पैसे, रिडेव्हलपमेंटमध्ये फ्लॅट फुकट"

हा सगळ्यात खरा आक्षेप आहे आणि यावर मी कुणालाही नावं ठेवणार नाही. मागच्या खोलीत सहा माणसं झोपत असतील तर त्यांना कडीपाटाचं सौंदर्य सांगायला तोंड नसतं.

फक्त तो फ्लॅट फुकट कसा मिळतो ते समजून घ्या. प्लॉटवर किती बांधता येईल याचं माप म्हणजे एफएसआय, हजार फुटांच्या प्लॉटला एफएसआय एक असेल तर सगळे मजले मिळून हजार फूट, दोन असेल तर दोन हजार. बिल्डर तुम्हाला तुमचं देतो आणि वरचं विकतो, त्यातूनच तुमच्या फ्लॅटचा खर्च आणि त्याचा नफा निघतो. म्हणजे विकायला वरचं उरलं तरच हे गणित बसतं. आणि २०२० पासून राज्यात लागू झालेल्या एकत्रित नियमावलीत एफएसआय रस्त्याच्या रुंदीशी बांधलेला आहे. रुंद रस्त्यावरच्या सोसायटीला गणित सुटतं, पण चरईच्या गल्लीत जिथे दोन रिक्षा समोरासमोर आल्या की एकाला मागे जावं लागतं, तिथल्या एकट्या घराला नाही सुटत. मग बिल्डर येतो, बघतो, कागद घेऊन जातो आणि फोन उचलत नाही, आणि मधल्या आठ-दहा वर्षांत घर कुणी हात न लावता कुजतं, कारण "आता पाडायचंच आहे, कशाला खर्च करायचा". मी पाहिलेली बहुतेक घरं या वाट पाहण्यात गेलीत. किसननगरसारख्या भागात क्लस्टर योजना आणली ती याचसाठी, एकेका बिल्डिंगचं गणित बसत नाही म्हणून अख्खा भाग एकत्र घ्यायचा.

म्हणून माझा सल्ला असा की रिडेव्हलपमेंट होईल तेव्हा होऊ दे, पाणी मात्र आत्ता अडवा. कौलं उतरवून फुटकी बदलणं, पन्हळ साफ करणं, प्लास्टर, फरशी या असल्या किरकोळ दुरुस्त्यांना बांधकाम परवानगीही लागत नाही. आणि अजून एक, "आमच्याकडे म्हाडा दुरुस्ती करून देईल ना?" असं विचारणारे दर वर्षी भेटतात. ते सेस इमारतींचं, म्हणजे दुरुस्तीसाठी कर भरणाऱ्या जुन्या भाड्याच्या इमारतींचं प्रकरण मुंबई शहरापुरतं, माहीम-सायनच्या पलीकडे नाही. ठाण्यात दुरुस्तीची जबाबदारी मालक आणि राहणाऱ्यांचीच.

सोसायटी असेल तर ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय वाचा, त्यात ५१ टक्के सभासदांची संमती आणि सगळी पद्धत पायरीपायरीने दिलेली आहे. पण एकाच कुटुंबाचं घर असेल तर हा निर्णय लागूच होत नाही, तिथे भावाभावांची सही हाच मोठा प्रश्न.

"जुन्या घरात लिफ्ट, बाथरूम, एसी कसं येणार?"

येतं, आणि आमच्या कामातला सगळ्यात आवडता भाग हाच. नियम एक, नवीन भागाने जुन्याला खेटून उभं राहायचं, टेकून नाही. म्हणजे लिफ्ट किंवा नवीन जिना आणायचा असेल तर त्याला स्वतःचा पाया, स्वतःचा लोखंडी सांगाडा, मागच्या अंगणात उभा, आणि घराला फक्त दार जोडायला एक पट्टी. जुन्या भिंतीवर एक किलो वजन द्यायचं नाही. उद्या लिफ्ट नको झाली तर बोल्ट सोडून काढता आली पाहिजे आणि भिंतीवर ओरखडा राहता कामा नये.

बाथरूम एकावर एक आणि शक्यतो लाकडी मजल्यावर नाहीच, कारण गळती दिसेपर्यंत लाकूड गेलेलं असतं. एसी लावा, पण आधी बघा लागतो का. दीड फुटी भिंत दुपारचं ऊन आत यायला संध्याकाळ करते, माळ्याच्या वर कौलांतून गरम हवा निघून जाते, समोरासमोर खिडक्या असतात. नवीन घरं डिझाइन करताना आम्ही हेच परत वापरतो, पश्चिमेला खोल छज्जा, पावसाच्या बाजूला पडवी, स्वयंपाकघरातून हवा आरपार. काचेचे दर्शनी भाग ठाण्याच्या उन्हात का लावतात ते मला कळत नाही.

लोक विचारतात, नवीन भाग जुन्यासारखाच कोरीव का नाही करत. गोधडी बघा, ठिगळ वेगळ्या कापडाचं असतं, ते कळतं, तरी गोधडी एक दिसते. जगभर जीर्णोद्धाराचे जे नियम मानतात, १९६४ च्या व्हेनिस सनदेतले, त्यातही हेच आहे की नवीन तुकडा जुन्यात मिसळायला हवा पण ओळखूही यायला हवा, नाहीतर पुढच्या माणसाला खरं जुनं कुठलं तेच समजणार नाही.

"हेरिटेज म्हटलं की खिळाही मारता येत नाही"

राज्याच्या नियमावलीत वारसा इमारतींच्या तीन श्रेणी आहेत. पहिल्या श्रेणीत खरंच फार हात लावता येत नाही. दुसरीत आतले बदल, नवा वापर याला वाव असतो, तिसरीत त्याहून जास्त. आणि ज्या मालकाचा बांधकामाचा हक्क यामुळे अडकतो त्याला टीडीआर मिळू शकतो, म्हणजे तो न वापरलेला हक्क दुसरीकडे विकता येतो. अडचण अशी की चरईतल्या काकूंचं घर असं कुठल्या यादीत येत नाही. तिथे पोर्तुगीज राहिले नाहीत की कुणी क्रांतिकारक लपले नाहीत, साधी माणसं तीन पिढ्या राहिली एवढंच. त्यांना कायद्याचं संरक्षणही नाही आणि बंधनही नाही, जे काही होईल ते घरातल्यांच्या मनावर.

काकूंच्या भिंतीने आता दोन पावसाळे काढलेत. खालच्या दोन फुटांत ऑगस्टमध्ये रंग थोडा गडद होतो आणि ऑक्टोबरचं ऊन पडलं की परत फिका, तसाच व्हायला हवा. मागच्या जिन्यावरच्या तड्याला काच लावलीय, शेजारी पेन्सिलने तारीख आहे, ती अजून अख्खी आहे. मधल्या दिरांना घर विकायचंय, धाकट्यांना नाही, त्यामुळे पुढच्या खोलीचं काम थांबलंय आणि तिथलं सिमेंट अजून तसंच आहे. मागच्या आठवड्यात काकूंचा फोन आला होता, म्हणाल्या कौलं शाकारायला माणूस मिळालाय, पण तो वर चढायच्या आधी तू येऊन वासे बघून जा. शनिवारी जातेय.